मेंदी, मतदानाची शाई आणि गोंदण: त्वचेचे थर आपल्याच हातावर कसे ओळखायचे

२० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे भाचीचं लग्न. लालबागच्या दोन खोल्यांत पाहुणे मावेनात. भाची मेंदीचे हात वर धरून पलंगावर बसलेली, डाव्या तर्जनीवर मतदानाच्या शाईची रेघ. शेजारी माझी आत्या, वय ८६. तिच्या मनगटाच्या वर हिरवट गोंदण आहे, तुळशीवृंदावन आणि दोन ठिपके. सात-आठ वर्षांची असताना गावच्या जत्रेत काढलेलं. मेंदीकडे बघत आत्या म्हणाली, "तुझी रांगोळी पंधरा दिवसांची, पोरी. माझी माझ्याबरोबर जायची."

तसंच झालं. मेंदी दोन आठवड्यांत उडाली. शाईची कातडीवरची रेघ काही आठवड्यांत गेली, नखावरची मात्र नखाबरोबर पुढे सरकत राहिली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आलं तेव्हा नख पुन्हा कोरं होतं. गोंदण जिथल्या तिथे.

तिन्ही खुणा कातडीवरच्याच, पण प्रत्येकीची खोली वेगळी. मी परळच्या एका शाळेत २७ वर्षं विज्ञान शिकवलं. पुस्तकात त्वचेची आकृती असते, केकच्या तुकड्यासारखी गुलाबी. मुलं नावं घडाघडा म्हणायची. एकदा मे महिन्यात मागच्या बाकावरच्या मुलाने मान खाजवत विचारलं, "बाई, घामोळं ह्यातल्या कुठल्या थरात होतं?" मला चटकन सांगता आलं नाही. त्यानंतर मी आकृती फळ्यावर काढायची ती शेवटी. आधी प्रत्येकाने स्वतःचा हात पुढे करायचा.

इथेही तसंच करू. ह्याचा रोजच्या जगण्यात एकच उपयोग आहे, पण तो मोठा आहे. कातडीवर काहीही उठलं की आपण विचारतो, "ह्याला काय लावू?" त्याआधी विचारायचं, "हे कुठल्या थरात आहे?"

तयारी

एक भिंग, पट्टी, सेलोटेप, केसांचा आकडा आणि पाण्याचं भांडं. खिडकीजवळचा उजेड ट्यूबलाइटपेक्षा बरा. हात धुऊन कोरडे करा, क्रीम लावलेलं नसावं. अर्धा तास पुरतो.

पहिली पायरी: मेलेला थर

पोटरीवर किंवा दंडावर नखाने हलकी रेघ ओढा. कातडी कोरडी असेल तर पांढरी रेघ उमटेल. शाळेत सगळ्यांनीच पायावर अशी नावं लिहिलेली असतात. ती पांढरी भुकटी म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम. ह्यात एकही जिवंत पेशी नाही. चपट्या, मेलेल्या, केराटिन ह्या प्रथिनाने भरलेल्या पेशींच्या साधारण १५ ते २० चळती एकावर एक बसलेल्या असतात. दंडावर हा सगळा थर वहीच्या कागदाहूनही पातळ असतो.

आता सेलोटेपचा तुकडा हाताच्या आतल्या बाजूला दाबून चिकटवा आणि उचला. उजेडासमोर धरलात तर धुरकट दिसेल. त्या ह्याच पेशी. दुखलं नाही, रक्त आलं नाही.

हा थर भिंतीसारखा आहे. पेशी म्हणजे विटा, मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे गिलावा. पाणी आतून बाहेर उडू न देणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं, हे काम मुख्यतः हीच भिंत करते. कपडे धुण्याच्या साबणाने भांडी घासणाऱ्या बाईच्या हातांना भेगा पडतात त्या गिलावा धुऊन गेल्यामुळे. निरोगी कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू (पीएच) साधारण ४.५ ते ५.५. साबणाची वडी ९-१० च्या घरात. म्हणून आंघोळीनंतर अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं, म्हणजे आतलं पाणी आत राहतं. तीन तासांनी, एसीत बसून कातडी ताणायला लागल्यावर लावलं तर निम्मा फायदा गेलेला असतो. मुंबईची हवा दमट आहे म्हणून कातडी कोरडी पडत नाही, हा गैरसमज आहे. दिवसाचे नऊ तास एसीत काढणाऱ्याची कातडी मुंबईच्या हवेत राहतच नाही.

मेंदी रंगते ती ह्याच थरात. तिचा रंग केराटिनला चिकटतो. तळहातावर आणि तळपायावर हा थर सर्वांत जाड, म्हणून मेंदी तिथे गडद. मनगटाच्या वर चढली की फिकी पडते आणि लवकर उडते. "नवऱ्याचं प्रेम जास्त तर मेंदी जास्त रंगते" म्हणतात. खरं म्हणजे कातडी जाड तर जास्त रंगते, पण हे लग्नघरात सांगू नये.

मतदानाची शाईही बरीचशी इथलीच. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीशी संयोग पावतं आणि उजेडात काळं पडतं. मग साबण, स्पिरिट, लिंबू, कशालाच दाद देत नाही. मेलेल्या पेशी झडतील तेव्हाच ती जाते. १९६२ च्या निवडणुकीपासून ही शाई म्हैसूरच्या एका सरकारी कारखान्यात बनते. नखही केराटिनचंच, पण नख झडत नाही, वाढतं. महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. म्हणून नखावरची शाई टोकापर्यंत पोचून कापली जाईपर्यंत चार-सहा महिने जातात.

आता बोटाच्या टोकाकडे भिंगातून पाहा. उंचवट्यांच्या रेषा दिसतील आणि त्यांच्या माथ्यावर ओळीने बारीक ठिपके. ती घामाची छिद्रं. क्षणभर थांबलात तर एखाद्या छिद्रातून घामाचा कण वर येताना दिसतो. वर्गात इतका गोंगाट दुसऱ्या कुठल्याच प्रयोगाला होत नसे.

आमच्या चाळीतल्या एका बाईंचा अंगठा रेशनच्या दुकानातलं मशीन घेत नसे. चार घरची भांडी, वर्षानुवर्षं भुकटी आणि तारेची घासणी, उंचवटे झिजून गेलेले. त्या घाबरल्या होत्या की ठसा कायमचा गेला. तो जात नाही. रेषांचा साचा ह्या मेलेल्या थरात नसतो, खाली बाह्यत्वचा (वरची त्वचा, मेलेला थर हा तिचाच माथा) आणि अंतस्त्वचा (तिच्या खालची) ह्या दोन थरांच्या सांध्यात असतो आणि आईच्या पोटातच पक्का झालेला असतो. हातांना थोडी विश्रांती आणि रात्री तेल मिळालं की साच्याबरहुकूम रेषा पुन्हा वर येतात. मोठ्या जखमेने सांधाच तुटला तर मात्र नाही.

दुसरी पायरी: बिनरक्ताची जिवंत वस्ती

मेलेल्या थराखाली बाह्यत्वचेचा जिवंत भाग आहे. ह्याला सेलोटेपने हात लावता येत नाही, पण नवी चप्पल हे काम करून दाखवते. टाचेला चप्पल चावली की पाण्याचा फोड येतो. घासण्याने बाह्यत्वचेच्या मधल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. पाणी स्वच्छ असतं, लाल नसतं, कारण बाह्यत्वचेत रक्तवाहिनीच नाही. तिला अन्न खालच्या थरातून झिरपून मिळतं.

म्हणून हा फोड फोडायचा नाही. त्याचं छप्पर म्हणजे निसर्गाची पट्टी. फुटलाच तर कातडी ओढून काढू नका, तशीच खाली बसवा आणि स्वच्छ पट्टी बांधा.

बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींची एकच रांग अखंड वाढत असते. तिथे जन्मलेली पेशी वर ढकलली जाते, वाटेत केराटिनने भरते, मरते, भिंतीतली वीट होते आणि एक दिवस आंघोळीच्या पंचात निघते. ह्या प्रवासाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. "आठ दिवसांत गोरेपणा" ह्या जाहिरातीचा खोटेपणा कळायला एवढा आकडा पुरे.

त्याच तळाच्या रांगेत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसात ह्या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या मेलॅनिन किती आणि कसं बनवतात, कसं वाटतात त्याने. कोडात ह्याच पेशी नाहीशा होतात. कोड संसर्गजन्य नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी पालकसभेत पुन्हा सांगावं लागायचं.

दाढी करताना वस्तरा वरवर घासला तर नुसती आग होते. किंचित खोल गेला की एकाच जागी चार-पाच बारीक लाल टिपके उठतात, सलग रेघ नाही. कारण खालचा थर सपाट नाही. त्याचे उंचवटे बाह्यत्वचेत खालून घुसलेले असतात आणि प्रत्येकात केशवाहिन्यांचं, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं, वेटोळं असतं. वस्तऱ्याने फक्त शेंडे छाटले. घरातल्या पुरुषाला विचारा, तुरटी लावण्याआधी दाखव म्हणावं.

तिसरी पायरी: अंतस्त्वचा, म्हणजे खरं चामडं

अंगठ्याने तळहात पाच सेकंद दाबून सोडा. पांढरा पडतो आणि दोनेक सेकंदांत पुन्हा लाली येते. ही लाली अंतस्त्वचेतल्या रक्ताची. कातडीवर लाल दिसणारी कुठलीही गोष्ट अशीच दाबून पाहायची, शक्यतो काचेच्या पेल्याच्या बाजूने, म्हणजे दाबतानाच आरपार दिसतं. दाबून फिकी झाली तर रक्त वाहिन्यांतच आहे. झाली नाही तर ते वाहिनीबाहेर पडलंय. तापात असे न फिके होणारे लाल ठिपके उठले तर लावायचं काही शोधू नका, थेट रुग्णालय गाठा. पावसाळ्यात, डेंग्यूच्या दिवसांत तर नक्कीच.

धारावीतल्या चामड्याच्या दुकानात गेलात तर न रंगवलेल्या पट्ट्याची बाजू भिंगातून बघा. वरच्या अंगाला केसांची बारीक छिद्रं दिसतात, उलट्या अंगाला धाग्यांची लव. कातडं कमावताना केस आणि बाह्यत्वचा वरून जाते, चरबी खालून खरवडतात. उरते ती फक्त अंतस्त्वचा. बॅग, बूट, ढोलकी, तबला, सगळा व्यापार ह्या एका थराचा. तिची ताकद कोलॅजेनच्या धाग्यांच्या विणीत आहे आणि लवचीकपणा इलास्टिनमध्ये. हाताच्या मागची कातडी चिमटीत उचलून सोडा. लहान मुलाची टचकन बसते, आत्याची तंबूसारखी उभी राहून सावकाश उतरते. वयाबरोबर हे धागे कमी होतात आणि उन्हाने त्याहून लवकर. उन्हातले जे किरण अंतस्त्वचेपर्यंत जातात ते खिडकीच्या काचेतूनही येतात. ड जीवनसत्त्व बनवणारे किरण मात्र काच अडवते. काचेच्या कचेरीत खिडकीशी बसणाऱ्याला सुरकुत्या मिळतात, ड जीवनसत्त्व नाही.

गोंदण ह्या थरात असतं. सुईने रंग बाह्यत्वचेच्या पार नेऊन अंतस्त्वचेत सोडलेला असतो. शरीराच्या सफाई कामगार पेशी त्याचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत, तिथेच धरून बसतात. एक पेशी मेली की दुसरी ते कण उचलते. आत्याचं तुळशीवृंदावन असं जवळजवळ ऐंशी वर्षं पेशींच्या पिढ्या हातोहात सांभाळत आल्या. कडा पसरल्या, काळ्याचं हिरवं झालं, पण पुसलं नाही.

आता केसांचा आकडा घ्या. त्याच्या दोन टोकांत ३ मिलिमीटर अंतर ठेवा. डोळे मिटलेल्या माणसाच्या बोटाच्या टोकाला हलकेच टेकवा. दोन टोचण्या, असं तो सांगेल. तेच अंतर ठेवून पाठीला टेकवा, तो एकच म्हणेल. पाठीवर दोन कळायला टोकं ४ सेंटिमीटरच्या आसपास दूर न्यावी लागतात. स्पर्शाची केंद्रं बोटांवर दाटीने आहेत, पाठीवर विरळ. मुलांनी हा खेळ घरी जाऊन आजोबांवर करावा, अशी माझी सक्ती असे. मधुमेह असलेल्या दोन आजोबांना तळपायाला काहीच कळत नाही हे त्या खेळातून कळलं. तेव्हापासून मी मधुमेह्याला सांगते, रोज रात्री तळपाय आरशात पाहा, कारण तिथे काही टोचलं तर कळवणारी तारच तुटलेली आहे.

पाण्याच्या भांड्यात बोटं दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. सुरकुततील. कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून असं होतं, असं मीही पहिली काही वर्षं शिकवलं आणि ते अपुरं होतं. ज्या बोटाची नस तुटलेली असते ते पाण्यात सुरकुततच नाही. नसा केशवाहिन्यांना आकसायला लावतात, आतला फुगवटा कमी होतो आणि वरची कातडी चुणते. भाऊच्या धक्क्यावर दिवसभर ओल्या मासळीत हात घालणाऱ्या कोळणींच्या बोटांवर ही चुण पाहायला मिळते.

घामाच्या ग्रंथी, तेलाच्या ग्रंथी आणि केसांची मुळं ह्याच थरात किंवा त्याच्या तळाशी. घामाच्या ग्रंथी सगळ्या अंगावर मिळून २० ते ४० लाख. तळहात-तळपायावर त्या सर्वांत दाट, आणि तिथे तेलाच्या ग्रंथी मात्र एकही नाही. तळपायाला कधी मुरूम येत नाही पण भेगा पडतात, त्या ह्यामुळे.

चौथी पायरी: चरबी, आणि तीन सुया

पोटाची कातडी चिमटीत धरा. चिमटीत येते त्यात बाह्यत्वचा आणि अंतस्त्वचा मिळून काही मिलिमीटरच असतात, बाकी सगळी चरबी. हा त्वचेखालचा थर, गादी आणि गोधडी दोन्ही. ह्याच्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही. फक्त तीन सुया लक्षात ठेवा, म्हणजे सगळा क्रम पाठ होतो. जन्मल्यावर डाव्या दंडावर दिलेली बीसीजीची लस अंतस्त्वचेत टोचतात, अगदी वरवर, कातडीला समांतर सुई धरून. तिचा व्रण जन्मभर राहतो. इन्सुलिन चरबीत. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच्याही खाली, स्नायूत.

बीसीजीचा व्रण राहतो आणि टाचेच्या फोडाचा राहत नाही, ह्यात आणखी एक नियम दडलाय. जखम बाह्यत्वचेत राहिली तर ती माग न ठेवता भरते. अंतस्त्वचा तुटली की शरीर ठिगळ लावतं आणि ठिगळ दिसतं.

पाचवी पायरी: उठलंय ते कुठे?

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर. घामोळं एका थरात नाही, तीन ठिकाणी होऊ शकतं. घामाची नळी अंतस्त्वचेतून वर येते. ती कुठे तुंबली त्यावर सगळं ठरतं. अगदी वर, मेलेल्या थरात तुंबली तर दवबिंदूसारखे पारदर्शक दाणे, खाज नाही, बोटाने फुटतात. बाह्यत्वचेच्या मध्यावर तुंबली तर आपलं नेहमीचं लाल, टोचणारं घामोळं. दोन थरांच्या सांध्याशी तुंबली तर कातडीच्या रंगाचे टणक दाणे. उपाय तिन्हींचा एकच: घाम थांबवा. पंखा, सुती सैल कपडे, गार पाण्याने आंघोळ. तेल किंवा दाट क्रीम नको, तुंबलेल्या नळीवर ते झाकणच होतं. पावडरचे थापही नकोत.

नायटा, म्हणजे गजकर्ण, मेलेल्या थरात राहतो. ही बुरशी केराटिन खाते, खाली तिला रस नाही. चिखल्याही वरवरच्याच: बोटांच्या बेचक्यात कातडी ओली राहून पांढरी पडते, सडते. जूनमध्ये हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून आलात तर पाय साबणाने धुऊन बेचक्या पंचाने एकेक करून पुसा, पंख्यासमोर पाय पसरून बसा. क्रीमपेक्षा हे महत्त्वाचं. त्या पाण्यात पायाला जखम असेल तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी घ्यायची का, ते त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात विचारा. फुटलेली भिंत म्हणजे उघडं दार.

केस्तूड शब्दातच केस आहे. केसाच्या मुळाशी जंतू गेले की ते होतं, म्हणजे ते खोल, अंतस्त्वचेत. वरून मलम थापून तिथे फारसं पोचत नाही. गरम पाण्याच्या फडक्याने शेका, पिळू नका. वारंवार होत असेल तर साखर तपासा.

पित्त उठतं तेही अंतस्त्वचेत, वाहिन्यांतून पाणी झिरपून. वरचा थर गुळगुळीतच राहतो, खवले नाहीत. एक गांधी साधारण २४ तासांत मावळते, दुसरीकडे नवी उठते. कोकम अंगाला चोळल्याने गार वाटेल, पण काम पोटात घेतलेली गोळी करते. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर तातडीने रुग्णालय.

आणि एक खूण मी कधी वगळत नाही. फिकट किंवा लालसर चट्टा, खाज नाही, दुखत नाही. डोळे मिटून त्यावर कापसाची वात फिरवा. स्पर्श कळला नाही तर ते अंतस्त्वचेतल्या नसांचं प्रकरण असू शकतं, कुष्ठरोगाचं. लाजून घरात बसायचं कारण नाही. औषध सरकारी आणि महापालिकेच्या यंत्रणेत मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासून ह्याच कामासाठी उभं आहे.

तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग दिसला आणि तो वाढत असला, तर तोही घरी बघत बसायचा नाही.

सहावी पायरी: काय, कुठे, किती लावायचं

इथे माझी स्वतःची फजिती सांगते. सात-आठ वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात परकराच्या नाडीखाली कमरेला गोल नायटा उठला. आठवडाभर कपडे वाळत नव्हते, तेच दमट परकर नेसत होते. डॉक्टरकडे जायला वेळ नाही म्हणून एका मेडिकलच्या दुकानातून ट्यूब आणली. बुरशी, जंतू, खाज, तिन्हींवर चालते म्हणे. दोन दिवसांत खाज गायब. मी खूश. थांबवली की पुन्हा खाज, लावली की बंद. असं तीन महिने. नायट्याची कड पुसट झाली, पण तो पाठीपर्यंत पसरला आणि कमरेला बाळंतपणातल्यासारखे जांभळे चट्टे पडले.

ट्यूबमध्ये जोरकस स्टिरॉइड होतं. त्वचारोगतज्ज्ञांनी कागदावर दोन रेघा ओढून सांगितलं: बुरशी इथे, वर. स्टिरॉइड उतरलं इथे, खाली. खाली त्याने कोलॅजेन बनणं दाबलं, म्हणून कातडी पातळ होऊन चट्टे पडले. शरीराचा प्रतिकारही त्याने झोपवला, म्हणून खाज थांबली आणि वर बुरशीला रान मोकळं मिळालं. शिकवत होते मी थर, आणि माझ्याच कमरेवर विसरले. नायटा बुरशीच्या औषधाने गेला, पण त्याला कित्येक आठवडे लागले. चट्टे अजून आहेत. ते अंतस्त्वचेतले.

तेव्हा नायट्यावर नुसतं बुरशीविरोधी औषध, डॉक्टर सांगतील तितके आठवडे, डाग दिसेनासा झाल्यावरही काही दिवस. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी. कपडे, टॉवेल वेगळे. पावसाळ्यात परकराची नेफा, चड्डीचं इलॅस्टिक आणि शिवणी इस्त्रीने कडक गरम करून वाळवा.

कुठे लावताय ह्यानेही फरक पडतो. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख ह्यांनी एकाच स्टिरॉइडचं शोषण अंगावर निरनिराळ्या जागी मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं शोषलं गेलं त्याच्या सहापट कपाळातून आणि ४२ पट वृषणाच्या कातडीतून. तळपायातून एक सप्तमांशच. म्हणजे टाचेसाठी दिलेलं मलम जांघेत किंवा चेहऱ्यावर लावणं म्हणजे डोस कित्येक पटींनी वाढवणं.

किती लावायचं ह्याचं माप बोटावरच आहे. मलमाच्या ट्यूबमधून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, पहिल्या सांध्यापासून टोकापर्यंत, एक रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम. दोन तळहातांएवढ्या जागेला तेवढं पुरतं.

कोलॅजेनच्या क्रीमबद्दल भाच्या विचारतात. मेलेल्या थराची भिंत साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) मोठ्या रेणूंना सहज जाऊ देत नाही. कोलॅजेनचा रेणू ३ लाख डाल्टनच्या घरातला. तो वरच बसतो, कातडी मऊ लागते, दुसऱ्या दिवशी आंघोळीत जातो. मऊपणाच हवा असेल तर खोबरेल स्वस्त पडतं.

सातवी पायरी: भाजलं तर

भाजणं म्हणजे थरांचीच मोजणी. नुसतं लाल, कोरडं आणि आग होणारं असेल तर बाह्यत्वचा. फोड, ओलसर गुलाबी, हात लावू न देणारं असेल तर अंतस्त्वचेपर्यंत. पांढरं, काळपट किंवा चामड्यासारखं, आणि दुखत नसेल तर सगळी त्वचा गेली. दुखत नाही म्हणून बरं वाटून घेऊ नका, दुखवणाऱ्या नसाही जळल्यात.

कुकरची वाफ असो की फोडणीचं तेल, पहिलं काम पाणी. गार, वाहतं, २० मिनिटं. आमच्या चाळीत नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, तेव्हा पिंपातून तांब्याने ओतत राहा, पण २० मिनिटं पुरी करा. तोवर दुसऱ्याने बांगड्या, अंगठी काढावी, नंतर सूज येते. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई, बटाटा काही नको. मग स्वच्छ सुती कापड सैल झाकून दवाखाना. किती भाजलं ते सांगायला रुग्णाचाच तळहात माप म्हणून वापरा: बोटांसकट एक तळहात म्हणजे शरीराचा साधारण १ टक्का. चेहरा, हात, सांधे, जननेंद्रियं, किंवा लहान मूल असेल तर टक्के मोजत बसू नका.

शेवटची पायरी: त्वचादान

मोठ्या भाजण्यात स्वतःची कातडी पुरत नाही, तेव्हा दुसऱ्याची तात्पुरती पांघरतात. शरीर ती काही आठवड्यांत नाकारतं, पण तेवढ्यात पाणी आणि जंतूंपासून रुग्ण वाचतो, खालची जखम सावरते. सायन रुग्णालयात २००० सालापासून स्किन बँक आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे.

नेत्रदानासारखंच आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत फोन करायचा. मृताचं वय १८ च्या वर हवं. रक्तगट जुळावा लागत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग किंवा पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. टीम घरी येते, काम साधारण पाऊण तासाचं. तोवर खोलीतला पंखा बंद, एसी असेल तर चालू, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला तयार, आणि सही करायला जवळचा नातेवाईक आणि साक्षीदार हजर. पाठ, मांड्या आणि पाय एवढ्याच जागांवरून, आणि तीही अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंतचीच पापुद्र्यासारखी पातळ कातडी घेतात. रक्तस्राव होत नाही, विद्रूपता येत नाही, पट्टी बांधून देतात. नंतर ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि पाच वर्षांपर्यंत वापरता येते.

आत्या गेल्या भाद्रपदात गेली. फोन मी केला. दोन मुलं आणि एक ताई आल्या, दार लोटून घेतलं. ताईंनी आधी विचारलं, "हातावरचंही घेऊ नये असं वाटत असेल ना?" मग स्वतःच म्हणाल्या, "हात आम्ही घेतच नाही." पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा आत्या नऊवारीत तशीच झोपलेली होती, पायांना पट्ट्या, वरून साडी नीट सारखी केलेली. उजवा हात बाहेर होता. तुळशीवृंदावन, दोन ठिपके.